शंभर पाउंडांपुढचा लाँगबो: घडवताना आणि ओढताना क्रम कुठे चुकतो

मोडलेल्या धनुष्यांचे फोटो मला नियमाने येतात. सोबतचा प्रश्न ठरलेला असतो: लाकूडच खराब होतं का? फोटो मोठा करून पाहिला की बहुतेक वेळा लाकूड धडधाकट दिसते. घाई झालेली असते, आणि ती नेमक्या एकाच जागी झालेली असते. दुसऱ्या प्रकारची पत्रे खांदेदुखीची. त्यांचे मूळही तेच.

दोन शब्दांचे अर्थ आधी ठरवून घेऊ. दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर जो भार येतो ते वजन, पाउंडांत. दोरी किती मागे आली तो ताण, इंचांत. धनुष्य घडवताना वजनाला पहिल्या दिवसापासून छत असते आणि त्या छताखाली ताण इंचाइंचाने वाढवायचा असतो. माणूस तयार करताना याच्या बरोबर उलट: ताण पहिल्या दिवसापासून पूर्ण, आणि वजन पाच-पाच पाउंडांनी वाढत जाणारे. लोक लाकडाला जास्त वजन लावून 'बघतात' आणि स्वतः जड धनुष्य अर्धवट ओढून 'सराव' करतात. म्हणून एक मोडते आणि दुसरा दुखावतो.

इथे मी इंग्लिश लाँगबोविषयीच लिहितो आहे: यू या झाडाच्या एकाच फाकेतून (उभ्या फाडलेल्या लाकडातून) काढलेला, मुठीतूनही वाकणारा. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्लिश युद्धनौकेवर असे १७२ लाँगबो सापडले. त्यांची लांबी साधारण १.८७ ते २.११ मीटर, आणि अंदाजित वजने शंभर पाउंडांपासून १८० च्या पुढे. ऑलिम्पिकमधले पुरुष तिरंदाज ज्या रिकर्व्हने (टोके पुढे वळलेल्या धनुष्याने) खेळतात तो साधारण ४५ ते ५० पाउंडांचा असतो. म्हणजे हा त्याच खेळाचा जड प्रकार समजून चालणार नाही.

उदाहरण सगळीकडे एकच ठेवतो: ३२ इंच ताणाला ११० पाउंड, म्हणजे जवळजवळ ५० किलो. पहिल्या युद्धधनुष्यासाठी हे पुरे. १५० चा विचार याच्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या फाकेला करा.

टप्पा १: लाकूड निवडणे

यूच्या लाकडात दोन थर असतात. सालीखालचे पांढरट लाकूड ताणले जाणे सहन करते, आतला नारिंगी-तपकिरी गाभा दाबले जाणे सहन करतो. नेमबाजापासून दूरची बाजू ती पाठ. ती पांढऱ्या लाकडाची. नेमबाजाकडची बाजू ते पोट, ते गाभ्याचे. सगळ्या धनुष्याची मदार या जोडीवर आहे, त्यामुळे पांढरा थर पाठीवर सलग राहायलाच हवा.

फाक निवडताना मी या क्रमाने पाहतो. आधी सरळपणा: खोडाला पीळ आहे का? सालीवरच्या रेघा मळसूत्रासारख्या फिरत असतील तर ते झाड सोडून द्या. मग गाठी: बारीक, जिवंत गाठी चालतात, सुट्या, काळ्या, मेलेल्या गाठी पाठीवर नकोत. वाढवलये सगळ्यात शेवटी. दाट वलये चांगलीच, पण दाट वलयांच्या पिळलेल्या लाकडापेक्षा मध्यम वलयांचे सरळ लाकूड कधीही बरे.

खोड करवतीने चिरू नका, पाचरी ठोकून फाडा. करवत तंतूंना आडवी जाते, पाचर तंतूंच्या मागे जाते. फाडल्यावर फाक वेडीवाकडी निघाली तर ते लाकूड मुळात वेडेवाकडेच होते. करवतीने ते फक्त लपवले असते.

फाक सव्वादोन मीटरची ठेवा. दोन्ही टोकांना लगेच गोंदाचा किंवा ऑइल पेंटचा जाड थर द्या, नाहीतर टोकांकडून आत भेगा पळतात. मग सावलीत, वारा खेळता राहील अशी, किमान वर्षभर ठेवा. दोन वर्षे ठेवलीत तर उत्तम.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: हिमालयातला यू संकटग्रस्त आहे आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या कराराखाली नियंत्रित आहे. 'ओळखीने एक ओंडका मिळतोय' या वाटेला जाऊ नका. सरावाच्या ५०-६० पाउंडी धनुष्याला आपल्या धामण झाडाचे लाकूड वापरून बघा. त्याहून जड हवे तर पाठीवर कळकाची पट्टी चिकटवून आणि पोटाला घट्ट कठीण लाकूड घेऊन धनुष्य करतात. कळक जितका जाड घेराचा तितकी पट्टी सपाट निघते. पट्टी मध्यावर तीन-चार मिलिमीटरच्या वर नको. जाड पट्टी इतकी ताकदवान असते की ती पोटच चुरडते.

> तपासा: ओलावा ९ ते १२ टक्क्यांत आला का? मीटर नसेल तर फाक महिनाभर दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवा. आकडा हलायचा थांबला की त्या हवेपुरते लाकूड वाळले. पण कोकणातल्या पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांवर असते आणि लाकूड १८ टक्क्यांच्या आसपासच थांबते. त्या हवेत टिलरिंग (लाकूड काढत वाक सारखा करणे) केलेत तर धनुष्याला कायमचा वाक बसेल. दिवाळी उलटू द्या.

टप्पा २: जागा आणि हत्यारे

दोन मुठींची सुरी, स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा), जाड आणि बारीक कानस, पोलादी स्क्रेपर, व्हर्नियर कॅलिपर. हत्यारे एवढीच. खर्च टिलरच्या चौकटीवर करा.

हलक्या धनुष्याला लोक फाक जमिनीवर टेकवून हाताने दाबून वाक बघतात. ११० पाउंडांची फाक हाताने दाबून हलतसुद्धा नाही, आणि जी हाताने छान वाकते ती ११० ची राहिलेली नसते. त्यामुळे इथे चौकट पहिल्या तासापासून लागते.

भिंतीत पक्का बसवलेला जाड खांब, वर धनुष्याची मूठ टेकवायला गादी लावलेला आधार, खाली जमिनीजवळ कप्पी. दोरीला हुक, हुकाला वजनकाटा, काट्यापासून दोर खाली कप्पीतून वळून खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. तिथे उभे राहून ओढायचे. मागच्या भिंतीवर चौकोन आखा, म्हणजे दोन्ही भुजांचा (मुठीच्या दोन्ही बाजूंच्या भागांचा) वाक डोळ्यांना मोजता येतो. काटा किमान ३०० किलो झेपणारा घ्या.

यूची पाने, बिया आणि लाकूड विषारी आहे. घासताना मास्क लावा, भुसा हाताने तोंडाला लागू देऊ नका, आणि ज्या खोलीत चहा पिता तिथे काम करू नका. मी पहिल्या वर्षी हे गंभीरपणे घेतले नव्हते. दुपारभर घासून झाल्यावर डोके धरायचे ते थकव्याने असेल असे वाटत राहिले.

> थांबा: चौकटीच्या सरळ रेषेत, धनुष्याच्या खाली किंवा समोर कोणीही उभे नको. मोडलेल्या भुजेचा तुकडा खोलीभर उडतो. संरक्षक चष्मा टिलरिंगच्या प्रत्येक ओढीला, 'फक्त एकदा बघतो' म्हणतानासुद्धा.

टप्पा ३: पाठ आणि बाह्याकार

आधी पाठ पूर्ण करा. साल आणि तिच्या आतली पातळ कातडी काढा. पांढरा थर जास्त जाड असेल तर तो चार ते सहा मिलिमीटरपर्यंत उतरवा, पण वलयांच्या मागे मागे जात. गाठ आली की तिथे लाकडाचा उंचवटा राहू द्या. पाठ दिसायला गुळगुळीत करण्यासाठी गाठीवरून सपाट जाणे ही नवशिक्यांची लाडकी चूक आहे. तिथे तंतू कापले जातात आणि चिरफळी पहिली तिथूनच उठते.

पाठ झाली की मध्यरेषा. दोन टोकांमध्ये दोरा ताणा, पण आंधळेपणाने त्याच्या मागे जाऊ नका. तंतू थोडे वळत असतील तर मध्यरेषाही त्यांच्याबरोबर वळू द्या, फक्त दोन्ही टोके आणि मुठीचा मध्य एका सरळ रेषेत आणा.

आपल्या ११० पाउंडी उदाहरणासाठी ही सुरुवातीची मापे: दोरीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत १९८ सेंटिमीटर (७८ इंच), मध्यावर रुंदी ३८ मिलिमीटर, जाडी ३४ मिलिमीटर, दोन्ही टोकांकडे एकसारखी उतरती, टोकाला १५ मिलिमीटरच्या आसपास. छेद इंग्रजी डी अक्षरासारखा, पण पोट फार टोकदार गोल नको. टोकदार पोटावर सगळा दाब एका रेघेवर येतो. लाकूड लाकडासारखे नसते, त्यामुळे ही मापे छापील समजू नका. तुमची फाक दाट असेल तर तुमची जाडी शेवटी कमी निघेल.

एक हिशेब मात्र भिंतीवर लिहून ठेवा. वजन रुंदीच्या प्रमाणात बदलते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ३८ मिलिमीटर रुंदीतला एक मिलिमीटर काढला तर वजन अडीच-तीन टक्क्यांनी उतरते, आणि ३४ मिलिमीटर जाडीतला एक मिलिमीटर काढला तर साडेआठ टक्क्यांनी. ११५ पाउंडांवर ते जवळजवळ दहा पाउंड झाले. कानशीचे चार जोरदार हात आणि महिनाभराचे काम ९० पाउंडांवर.

टप्पा ४: लांब दोरीवरचे टिलरिंग

बहुतेक धनुष्ये या आणि पुढच्या टप्प्यात मरतात, म्हणून इथे वेळ काढून वाचा.

टिलरिंग म्हणजे दोन्ही भुजा सारख्या आणि सलग वाकाव्यात म्हणून पोटाकडून लाकूड काढत जाणे. अंतिम वजन ११० हवे असेल तर टिलरवरचे छत ११५ ठेवा. शेवटची घासाई आणि पहिले शंभर बाण यांत चार-पाच पाउंड जातातच. हे ११५ एकदा ठरले की त्यापुढे काटा कधीही जाता कामा नये. सुरुवातीला नाही, मध्ये नाही, 'किती सोसतंय ते बघू' म्हणून तर मुळीच नाही.

यामागचे कारण सरळ आहे. फाक अजून जाड आणि ताठ आहे. तिला १५० पाउंड लावून थोडी वाकवलीत, तर पोटातले तंतू अंतिम धनुष्याला कधीच लागणार नव्हता इतका दाब सोसतात आणि चुरडतात. बाहेरून काही दिसत नाही. पुढे लाकूड काढून धनुष्य ११० ला आणता, तेव्हा ते आधीच थकलेले असते.

क्रम असा ठेवा:

१. दोन्ही टोकांना तात्पुरत्या खाचा पाडा. दोरी धनुष्याहून जराशी लांब, लोंबेल न लोंबेल एवढीच. फार लोंबती दोरी भुजांवर वेगळ्याच कोनात ओढ देते आणि काटा खोटे बोलतो.

२. हळू ओढा. ११५ आले, किंवा दोन भुजांत फरक दिसला, यांतले जे आधी होईल तिथे थांबा. फरक ६० पाउंडांवरच दिसला तर ६० वरच थांबायचे.

३. ताठ दिसलेल्या जागेवर पेन्सिलने खूण, धनुष्य खाली काढून फक्त तिथे खरवड.

४. परत चढवून आधीच्या ताणापर्यंत वीस-तीस लहान ओढी द्या. काढलेल्या लाकडाचा परिणाम या ओढींनंतरच खरा दिसतो. हे न करता परत खरवडणाऱ्याला वाटते 'काही फरकच पडला नाही', आणि तो दुप्पट काढतो.

५. परत पहिल्यापासून.

वाक कसा हवा? युद्धधनुष्य मुठीतूनही वाकते. पूर्ण ताणात ते वर्तुळाच्या सलग कमानीसारखे दिसावे, टोके किंचित ताठ. क्लबमध्ये हलके लाँगबो मारणाऱ्यांना ताठ मुठीची सवय असते. तो आकार इथे आणलात तर मुठीतल्या लाकडाचे काम दोन्ही भुजांच्या मध्यावर पडते आणि चुरडरेषा (पोटावरच्या दाबाच्या बारीक रेषा) तिथेच येतात.

एखादी जागा बिजागरीसारखी वाकताना दिसली, तर तिला पुन्हा हात लावू नका. बिजागरीच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून बाकीच्या भुजेला तिच्याबरोबरीने आणायचे. यात वजन जाईल. जाऊ द्या. १०० पाउंडांचे सलग धनुष्य ११० च्या बिजागरीपेक्षा मौल्यवान आहे.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर एक साधे साधन करा: वीतभर लांबीचा सपाट लाकडी ठोकळा, मध्ये भोक, भोकातून पेन्सिलीचे टोक एक-दोन मिलिमीटर बाहेर. वाकलेल्या धनुष्याच्या पोटावरून तो सरकवा. जिथे लाकूड नीट वाकले आहे तिथे पेन्सिल टेकत नाही. जिथे ताठ आहे तिथे रेघ उमटते. रेघ तिथेच खरवड. हे मुठीजवळ फार उपयोगी पडते, कारण तिथला वाक डोळ्यांना नेहमी खरा असतो त्यापेक्षा जास्त वाटतो.

> थांबा: 'टिक' असा आवाज आला तर ओढ सोडा. धनुष्य उतरवून पाठीवर कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तिथे चिरफळी उठली आहे.

टप्पा ५: पहिल्यांदा दोरी चढवणे, आणि ३२ इंचांपर्यंतचा प्रवास

लांब दोरीवर ११५ च्या आत टोके साधारण १५ सेंटिमीटर खाली येऊ लागली की आखूड दोरी चढवायची वेळ झाली. पहिल्यांदा फक्त आठ-दहा सेंटिमीटर उंचीवर चढवा. पूर्ण उंची, म्हणजे दोरी आणि पोट यांत १५ ते १७ सेंटिमीटर, हे नंतर.

पायात अडकवून दोरी चढवायची हलक्या धनुष्याची पद्धत इथे विसरा. एवढ्या वजनाला पाय जरा सरकला की भुजेला पीळ बसतो. दोन्ही टोकांना कातडी टोप्या असलेला जाड दोर वापरा, किंवा टिलरच्या चौकटीवरच लांब दोरीने ओढून धरा आणि दुसऱ्या माणसाला आखूड दोरी बसवायला सांगा. हे काम एकट्याने करू नका.

आता ताण एकेक इंचाने. छत तेच, ११५. कमी उंचीवर चढवल्यावर पहिल्या दिवशी ११५ कदाचित अठरा इंचांवरच येतील. लाकूड काढा, वीस ओढी, मोजा. असे २०, २२, २४. वजन न ओलांडता ताण वाढत गेला पाहिजे.

पुढचे काय होणार याचा अंदाज आधीच बांधता येतो. दोरी चढवलेल्या उंचीपासून ३२ इंचांपर्यंत साधारण २५ इंचांची वाट आहे आणि लाँगबोचे वजन तिच्यावर बऱ्यापैकी सरळ रेषेत चढते. म्हणजे दर इंचाला सुमारे साडेचार पाउंड. २८ इंचांवर काटा ९५ च्या आसपास असेल तर तुम्ही वाटेवर आहात. २८ वरच ११५ दाखवत असेल तर ३२ ला ते १३० च्या पुढे जाणार: अजून दीड मिलिमीटर लाकूड आहे. २८ वर ८५ असेल तर ११० विसरा आणि शंभरीत समाधान माना. लाकूड परत चिकटवता येत नाही.

माझी दुसरी फाक मी २८ इंचांवर मोडली. वाक सुंदर आला होता. घरी पाहुणे होते, कोणीतरी म्हणाले, अजून थोडं ओढ ना. काटा १४० ला गेलेला मला दिसत होता, तरी ओढले. दोन वर्षे वाळवलेल्या लाकडाचे तीन तुकडे झाले. पाहुण्यांना वाटले हे असेच व्हायचे असते.

> तपासा: ताण कुठून मोजता आहात? मी पाठीपासून मोजतो. काही जण पोटापासून मोजतात. तीन-साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे वजनात पाच-सहा पाउंड. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्याआधी हे विचारा.

पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक रेषा दिसू लागल्या तर त्या चुरडरेषा. नखाला लागतील इतक्या खोल नसतील तर त्यांच्या दोन्ही बाजूंचे लाकूड उतरवून दाब पसरवता येतो. नखाला लागत असतील तर त्या धनुष्याला पूर्ण ताण द्यायचा नाही. ते हलके करून लहान ताणाच्या माणसाला द्या.

टप्पा ६: शिंगे आणि दोरी

टोके निमुळती करून त्यांवर गाईचे किंवा म्हशीचे शिंग बसवतात. यू मऊ आहे. एवढ्या वजनाला नुसत्या लाकडाच्या खाचेत दोरी चिरत जाते. शिंगात निमुळते भोक पाडा, टोक त्याच मापाचे करा, इपॉक्सीने चिकटवा. भोकाच्या तळाशी पोकळी राहिली तर शिंग तिथेच तडकते. बसवण्याआधी टोकाला काजळी लावून फिरवून बघा. शिंग कुठे टेकते ते कळते.

दोरी धनुष्याच्या वजनाच्या किमान चौपट भार सोसणारी हवी. ११० ला ते ४४० पाउंड. डॅक्रॉन बी-५० या कृत्रिम दोऱ्याचा एक पदर साधारण ५० पाउंडांना तुटतो. म्हणजे नऊ-दहा पदरांत हिशेब बसतो; मी सोळा घेतो आणि दोन्ही फासांत वेगळे पदर घालून ते जाड करतो. दोरी तुटली की धनुष्य रिकामे सुटते, आणि मग बहुधा तेही जाते.

टप्पा ७: बाण

घडवताना सगळे बरोबर करून बाणात हरलेले लोक मी पाहिले आहेत. दुकानातला २० ग्रॅमचा रिकर्व्हचा बाण ११० पाउंडांवर लावणे म्हणजे धनुष्य जवळजवळ रिकामे सोडणे. शिवाय तो बाण सुटतानाच मोडून मनगटात घुसू शकतो.

वजनाच्या दर पाउंडाला किमान दहा ग्रेन, हा माझा नियम. ११० ला ११०० ग्रेन, म्हणजे सुमारे ७१ ग्रॅम. दांडी अ‍ॅश, बर्च किंवा पॉप्लरची, फाळाजवळ अर्धा इंच जाड आणि मागे तीन-अष्टमांश इंचापर्यंत निमुळती. मागच्या खाचेला आडवी शिंगाची पातळ चकती बसवा, नाहीतर दोरी दांडीला पाचरीसारखी फाडते. पिसे चिकटवून भागत नाही, दोऱ्याने गुंडाळा.

> तपासा: प्रत्येक बाण प्रत्येक वेळी, मारण्याआधी. दोन हातांत धरून वाकवा, कानाजवळ न्या. कुरकुरला तर तिथेच मोडून टाका. 'नंतर बघू' म्हणून भात्यात परत ठेवलेला बाणच पुढे दगा देतो.

टप्पा ८: ओढणारा माणूस

मेरी रोझवरच्या सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचे हाड पूर्ण न जुळलेल्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळले. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा तो परिणाम असावा असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. घरात पंधरा-सोळा वर्षांचा उत्साही मुलगा असेल तर हे त्याला सांगा, आणि जड धनुष्य त्याच्या हातात देऊ नका.

मोठ्यांसाठी सुरुवात ४५-५० पाउंडांच्या लांब धनुष्याने, ३२ इंच ताणाने. रिकर्व्हवाल्यांचा ताण २८-२९ इंचांवर हनुवटीखाली थांबतो; इथे दोरी कानाच्या मागे जाते. त्या शेवटच्या तीन इंचांत पाठीचे वेगळेच स्नायू लागतात. हलक्या वजनावर ते शोधले नाहीत तर जड वजनावर सापडणार नाहीत, कारण तिथे माणूस मिळेल त्या स्नायूने ओढतो, आणि मिळतो तो खांद्याचा वरचा भाग.

ओढण्याचा क्रम: पाय खांद्याहून थोडे रुंद. धनुष्याकडचा खांदा खाली दाबलेला. तो कानाकडे चढला की तिथेच थांबून बाण उतरवा. दोरीचा हात छातीजवळ ठेवून धनुष्याचा हात पुढे ढकलत शरीर धनुष्यात 'घाला'. पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे सरकली पाहिजेत. बिशप ह्यू लॅटिमरने १५४९ च्या प्रवचनात सांगितले होते की त्याच्या वडिलांनी त्याला हातांच्या जोराने न ओढता शरीर धनुष्यात घालायला शिकवले. तंत्र आजही तेवढेच आहे. पूर्ण ताण आला की सोडा. धरून नेम घेत बसायचे नाही. नेम ओढताना लागत आलेला असतो.

वजन कधी वाढवायचे? माझी कसोटी: पूर्ण ताणात बारा बाण, आणि बारावा पहिल्यासारखाच. तीन वेगवेगळ्या दिवशी हे जमले की पाच पाउंड वर. तरीही दोन वाढींत सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. स्नायू महिन्यात तयार होतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि दुखतात त्या. ५० ते ११० म्हणजे बारा पायऱ्या, जवळजवळ दोन वर्षे. ऐकून लोकांचा चेहरा पडतो. पण फाक वाळायलाही तेवढाच वेळ लागतो. दोन्ही एकाच दिवशी सुरू करा.

मधल्या वजनांची धनुष्ये विकत घेऊ नका, हिकरी किंवा अ‍ॅशच्या फळीतून स्वतः करा. ६०, ७५, ९०. टिलरिंगची शिकवणी त्यांच्यावर स्वस्तात होते आणि यू वाचतो.

आठवड्यात दोन दिवस, फार तर तीन. जड धनुष्यावर दिवसाला वीस-तीस बाण खूप झाले. त्याआधी हलक्या धनुष्यावर दहा बाण.

> थांबा: कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्याच्या पुढे टोचल्यासारखे दुखले तर त्या दिवशीचे बाण संपले. बोटे बधिर झाली तर त्या आठवड्याचे. तरीही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा. मलम लावून परत ओढू नका.

टप्पा ९: मैदान

आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यात चोविशी ओलांडलेल्या पुरुषांना २२० यार्डांच्या आत नेमबाजी करायला मनाई होती. म्हणजे ही धनुष्ये तितक्या अंतराची होती, आणि तुमचेही असेल. क्लबच्या ७० मीटरच्या मैदानात मागे पक्का मातीचा बांध नसेल तर मारू नका, आणि त्याआधी क्लबला धनुष्याचे वजन खरे सांगा. पेंढ्याचे नेहमीचे लक्ष्य हा बाण आरपार भेदतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी एवढेच: धनुष्याने शिकार तिथे बेकायदेशीर आहे.

कडाक्याच्या थंडीत, पाणी गोठत असेल तेव्हा, यू ओढू नका. लाकूड ठिसूळ होते. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेले धनुष्य मऊ पडते आणि त्याला वाक बसतो. मैदानावर पोचल्यावर दोरी चढवून आधी अर्ध्या ताणाच्या आठ-दहा ओढी द्या, मग पाऊण, मग बाण. दोन फेऱ्यांमध्ये थांबणार असाल तर दोरी उतरवा.

आणि धनुष्य कोणालाही 'एकदा ओढून बघ' म्हणून देऊ नका. उंच माणसाचा हात लांब असतो. तुमचे ३२ इंचांचे धनुष्य तो हसत हसत ३४ ला नेतो. नाही म्हणायचे. फार आग्रह झाला तर त्याला ६० चे फळीचे धनुष्य द्या.

पहिल्या शंभर बाणांनंतर पुन्हा काट्यावर चढवा. ११० च्या आसपास स्थिरावले असेल आणि दोन्ही भुजा सारख्या असतील, तर आता तेल-मेणाचा हात द्या आणि मुठीला कातडे गुंडाळा. एक भुजा बसलेली दिसली तर स्क्रेपर परत काढा, कातडे त्यानंतर.